समजलंय? मग रेकॉर्ड करून दाखवा!

‘या वेळी असाइनमेंटऐवजी व्हिडीओ करून आणा,’ असं सरांनी सांगितलं की अर्धा वर्ग खूश होतो. चला, लिहिण्यातून सुटलो! पण मंडळी, व्हिडीओ मनापासून केलात, तर तो दहा पानी असाइनमेंटपेक्षा जास्त अभ्यास करून घेतो.

मित्राची वही उतरवताना डोकं झोपलेलं असलं तरी चालतं. कॅमेऱ्यासमोर ते जमत नाही. ‘म्हणजे ना... ते आपलं...’ करत तुम्ही जिथे अडखळता, तिथेच टॉपिक कच्चा असतो. पुस्तक पुन्हा उघडायचं ते तिथेच.

लोगन फिओरेला आणि रिचर्ड मेयर या अमेरिकी संशोधकांनी हेच तपासलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात विद्यार्थ्यांना डॉपलर इफेक्टचा धडा दिला होता. जवळ येणाऱ्या गाडीचा हॉर्न चढा आणि लांब जाताना खालच्या पट्टीत का ऐकू येतो, तोच हा विषय. काहींनी धडा परीक्षेसाठी वाचला, काहींनी शिकवायचा म्हणून वाचला. त्यातल्या काहींनी तो कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष शिकवलाही. आठवड्याने घेतलेल्या टेस्टमध्ये शिकवायची तयारी करून खरंच शिकवणारे सरस ठरले. नुसत्या तयारीचा फायदा तेवढा टिकला नाही.

आता आपल्याकडचा घोळ बघा. ग्रुपमध्ये पाच जण. एकाकडे चांगला लॅपटॉप, म्हणून एडिटिंग त्याच्या गळ्यात. एक जण नेटवरून स्क्रिप्ट उचलतो, एक जण ती वाचून दाखवतो. उरलेल्या दोघांची नावं शेवटी स्क्रीनवर झळकतात. मार्क सगळ्यांना, पण टॉपिक कोणालाच आला नाही!

यावर उपाय सोपा आहे. टॉपिकचे पाच तुकडे करा. प्रत्येकाने आपला तुकडा स्वतःच्या शब्दांत लिहायचा आणि कागद बाजूला ठेवून बोलायचा. मग तुकड्यांची अदलाबदल करून एकमेकांना प्रश्न विचारायचे. व्हिडीओ सहा मिनिटांच्या आत बसवा. काय गाळायचं हे ठरवतानाही विषय पक्का होतो. भारी कॅमेरा लागत नाही. साधा फोन, खिडकीतला उजेड आणि फळ्यावरची आकृती पुरते. म्युझिक आणि इफेक्ट्स सगळ्यात शेवटी.

व्हायवाला एक्स्टर्नल समोर बसतात, तेव्हा रीटेक मिळत नाही. तो आत्ताच घेऊन टाका.