वृद्ध-संरक्षण आदेश

घरातील वा निकटच्या व्यक्तीने वृद्धाचा किंवा परावलंबी प्रौढाचा छळ करू नये, म्हणून न्यायालयाने त्या व्यक्तीविरुद्ध दिलेला मनाई हुकूम. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात असा स्वतंत्र आदेश ६५ व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींना, तसेच परावलंबी प्रौढांना मिळतो. भारतात हे संरक्षण निरनिराळ्या अधिनियमांत विखुरलेले आहे.

वृद्ध स्त्रीस कौटुंबिक हिंसाचारविषयक २००५ च्या अधिनियमाखाली दंडाधिकाऱ्याकडून संरक्षण आदेश मिळू शकतो. त्याचा भंग केल्यास १ वर्षापर्यंत कारावास किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होतात. वृद्ध पुरुषास हा अधिनियम लागू नसल्याने त्याला दिवाणी न्यायालयाकडे मनाई हुकूम मागावा लागतो.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाविषयीचा २००७ चा अधिनियम मात्र स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे. महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून अंमलात आला. त्याखाली उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. बीड जिल्ह्यातील युसूफ वडगावसारख्या गावी, जेथे उपजीविका मुख्यतः शेतीवर असते, त्याचे कलम २३ विशेष महत्त्वाचे ठरते. सांभाळण्याच्या अटीवर मुलास बक्षीस दिलेली जमीन, अट मोडल्यास, वृद्धास परत मिळविता येते. तथापि अशी अट सिद्ध व्हावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे ती बक्षीसपत्रातच नमूद असणे हितावह होय.