डाव्या बाजूचा ओरखडा

नाशिकच्या गंगापूर रोडवर केटीएचएम महाविद्यालयावरून आनंदवल्लीकडे निघालं, की दुकानांसमोर फुटपाथला खेटून लावलेल्या गाड्या दिसतात. त्यांची चाकं जरा वाकून पाहिली तर ओरखडे बहुतेक डाव्याच बाजूला सापडतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि गाडी डाव्या कडेला लागते. चाक आणि फुटपाथचा दगड यांच्यातलं अंतर त्याला दिसतच नाही. ‘कर्रर्र’ ऐकू येतं, तोवर अलॉयची कड घासलेली असते.

अशी चाकं डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये येतात. कारागीर आधी साबणाने ब्रेकची काळी धूळ धुतो, मग खास द्रावणाने तेलकटपणा काढतो. टायर चमकवायच्या द्रवातलं सिलिकोन जराही राहिलं, तर नव्या रंगात बारीक खड्डे पडतात. चाक स्वच्छ झालं, की तो ओरखड्यावरून आडवं नख फिरवतो. नख अडकलं नाही, तर घाव वरच्या पारदर्शक थरातच आहे. तिथे पॉलिशने भागतं. अडकलं, तर घासकाम आलं.

प्रायमर, रंग आणि क्लिअर हे थर मिळून जाडी साधारण एक-दोन दशांश मिलिमीटर भरते. त्याखाली ॲल्युमिनियमचा मिश्रधातू. अनेक चाकांत सुमारे 7 टक्के सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम असतं. ॲल्युमिनियम लोखंडासारखं तांबडं गंजत नाही, पण थराखाली पाणी आणि मीठ शिरलं की पांढरट रेषा पसरू लागतात, वाळवीच्या वाटांसारख्या. म्हणून फुगलेला थर पक्का बसलेल्या कडेपर्यंत काढावाच लागतो. ओरखडा बोटभर असला, तरी घासायची जागा तळहाताएवढी होते.

सुरुवात 180 किंवा 240 नंबरच्या पेपरने, मग 320, शेवटी पाणी लावून 400 आणि 600. जुन्या रंगाची कड बोटाला लागेनाशी होईपर्यंत हात थांबत नाही. ती पायरी राहिली, तर क्लिअर मारल्यावर उन्हात स्पष्ट दिसते. लोखंडी तारेचा ब्रश मात्र इथे वापरायचा नाही. त्याचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि ओलाव्यात तिथूनच गंजाला सुरुवात होते. खोल खळग्यात लांबी (पुट्टी) भरतात, तीही पातळ.

यानंतर घाई असते. उघड्या ॲल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे क्षणात ऑक्साइडचा पापुद्रा येतो आणि साधा रंग त्यावर नीट धरत नाही. त्यामुळे घासून-पुसून झालं, की फार वेळ न दवडता धातूला पकडणारा एचिंग किंवा इपॉक्सी प्रायमर बसायला हवा.

टायर चाकावरच असेल, तर पत्त्यांचा जुना कॅट कामी येतो. हवा थोडी कमी करून टायर आणि रिम यांच्या फटीत एकेक पान खोचायचं; सगळा गोल झाकला जातो. नट बसतात ती जागाही झाकतात. तिथे रंगाचा जाड थर बसला, तर तो पुढे दबतो आणि नट सैल होतात. मग रंगाचे हलके दोन-तीन हात, दर हातानंतर थोडी विश्रांती, आणि वर हार्डनर मिसळलेलं क्लिअर. त्यात आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसांना घातक असल्याने साधा रुमाल पुरत नाही, योग्य मास्क लागतो. पावसाळ्यात हवा दमट असली, की कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी साचतं आणि रंग धुरकट पडू शकतो. अशा दिवशी काम उद्यावर ढकललेलं बरं.

लेथवर कापलेल्या चकचकीत डायमंड-कट चाकाला हा उपाय लागू पडत नाही. ते पुन्हा सीएनसी लेथवर चढवावं लागतं आणि दर वेळी थोडा धातू जातो, म्हणून असं मोजक्याच वेळा करता येतं. तडा गेलेलं किंवा वाकलेलं चाक तर रंगकामासाठी घेऊच नये. वरून चकाचक दिसणारं असं चाक मुंबई-आग्रा महामार्गावर वेगात फुटलं, तर गाडीतल्या माणसांच्या जिवावर बेतेल.

दुरुस्त चाक बसवताना नट समोरासमोर क्रमाने आवळतात, तेही कंपनीने सांगितलेल्या टॉर्कला. शंभरेक किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासायचे. पहिला आठवडाभर प्रेशरने धुणं टाळायचं आणि ॲसिडवालं क्लीनर तर त्यानंतरही लावायचं नाही.