टक्कर न होता तापणारा वायू

सूर्यापासून सतत वाहणारा सौरवारा म्हणजे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांचा प्लाझ्मा. तो इतका विरळ असतो की सूर्यापासून पृथ्वीपर्यंतच्या प्रवासात एका कणाची दुसऱ्याशी जेमतेम एखादी टक्कर होते. पसरणारा वायू थंड व्हायला हवा. सौरवारा मात्र अपेक्षेपेक्षा गरम राहतो. मग ही उष्णता येते कुठून?

ती येते क्षेत्रांतून. चुंबकीय क्षेत्र कणाला फक्त वळवते, त्याची ऊर्जा वाढवत नाही. ते काम विद्युतक्षेत्राचे. प्लाझ्मातील लाटेसोबत येणारे विद्युतक्षेत्र बहुतेक कणांना कधी पुढे, कधी मागे ढकलते. हिशेब शून्यावर येतो. पण ज्या कणांचा वेग लाटेच्या वेगाशी जुळतो, त्यांची गोष्ट वेगळी. होडी लाटेबरोबर पुढे रेटली जावी, तसे थोडे मंद कण ऊर्जा मिळवतात. थोडे वेगवान कण ती लाटेला देतात. मंद कण सहसा संख्येने जास्त, म्हणून लाट विरते आणि कण तापतात. लेव्ह लांडाऊ यांनी 1946 मध्ये हे निव्वळ गणिताने दाखवले, आणि मला ते आजही विलक्षण वाटते.

अवकाशात ते पकडणे अवघड होते. नासाने 2015 मध्ये सोडलेली एमएमएसची चार याने दर 0.03 सेकंदाला इलेक्ट्रॉनांचे वेग मोजू शकतात. पृथ्वीच्या चुंबकीय कवचाबाहेरच्या खळबळत्या प्लाझ्मात त्यांनी घेतलेल्या नोंदींत कणांचे वेग आणि विद्युतक्षेत्र यांचा मेळ घातला, तेव्हा इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत लांडाऊंच्या प्रक्रियेची खूण सापडली. हा निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाला.