नाव नको, नुसतं वाजू दे!

लग्नसराईत संध्याकाळी कान्हे फाट्यावर थोडा वेळ थांबा. कुठूनतरी वरात येतेच आणि डीजेचा दणका छातीत घुमायला लागतो. पण गाण्याच्या आधी काय ऐकू येतं? नाव! 'डीजे अमुक, डीजे तमुक इन द मिक्स.' बीट पडायच्या आधी पुन्हा तेच नाव. रीमिक्स करणाऱ्या पोराचं लॉजिक साधं आहे. ट्रॅक व्हॉट्सअॅपवरून गावोगाव फिरणार, कुणीतरी ढापणार, मग आपली खूण आतच पेरलेली बरी.

इलेक्ट्रॉनिक म्युझिकच्या दुसऱ्या टोकाला मात्र मुद्दाम नाव लपवणारी मंडळी आहेत. अंडरग्राऊंड म्हटलं की आपल्या घरच्यांना आधी रेव्ह पार्टी आणि २००७ चा सिंहगडाजवळच्या डोणज्याचा छापा आठवतो. ते जरा बाजूला ठेवू. विषय म्युझिकचा आहे.

आपल्याला सगळ्यात जवळचं उदाहरण गोव्याचं. ऐंशीच्या दशकात हणजूण, वागातोरच्या पार्ट्यांत विनाईलच्या तबकड्या सोबत वागवणं अवघड होतं, ऊनही मारायचं. म्हणून डीजे कॅसेटवर आणि पुढे डॅट टेपवर वाजवायचे. परदेशी रेकॉर्डमधला गाणाऱ्याचा आवाज काढून टाकायचा, नुसते ताल आणि सिंथचे तुकडे जोडायचे. या टेप एकमेकांत फिरायच्या. नाचणाऱ्याला ट्रॅकचं नाव माहीत नसायचं, आणि त्याचं काही अडायचंही नाही. ऐकायला हे भारी वाटतं. पण ज्याच्या रेकॉर्डला कात्री लागली त्या मूळ कलाकाराचं काय? त्याचंही नाव तिथेच गळलं. ही बाजू गोव्याच्या आठवणींमध्ये फारशी कुणी काढत नाही.

पुढे डिसेंबर १९९४ मध्ये पॉल ओकनफोल्डचा 'गोवा मिक्स' बीबीसी रेडिओ वनवर वाजला आणि किनाऱ्यावरचा हा आवाज घरोघरी गेला. २००७ मध्ये कांदोळीला सनबर्न सुरू झालं, तोवर डीजेचं नाव हेच तिकीट विकायचं साधन झालं होतं.

डेट्रॉइटच्या 'अंडरग्राऊंड रेझिस्टन्स'ने तोंडाला फडकी बांधली. चेहरा विकणाऱ्या म्युझिक कंपन्यांना त्यांचा तो नकार होता. लंडनच्या बरियलची गोष्ट आणखी मजेशीर आहे. २००७ मध्ये त्याचा 'अनट्रू' अल्बम आला, पुढच्या वर्षी मर्क्युरी प्राइझसाठी नामांकन मिळालं आणि ब्रिटनमधले पेपर 'हा आहे तरी कोण' म्हणून मागे लागले. शेवटी वैतागून त्याने स्वतःच फोटो टाकला, खरं नाव सांगितलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागला. शो नाहीत, स्टेज नाही. त्याला हे जमलं, कारण हायपरडब हे लेबल चालवणारा कोडनाइन त्याच्यामागे उभा होता. निनावी राहायलाही आपलं नाव माहीत असलेला एक भरवशाचा माणूस लागतो!

असं कुणी नसलं तर? मुंबईचे चरणजित सिंग हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे. १९८२ मध्ये त्यांनी रोलँडची तीन यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले आणि एचएमव्हीने रेकॉर्ड काढली. त्यातलंच टीबी-३०३ हे बेसचं यंत्र वापरून शिकागोत अॅसिड हाऊस घडलं, पण त्याचा गाजलेला पहिला ट्रॅक १९८७ चा. पाच वर्षं आधीच! सिंगसाहेबांचं नाव तर कव्हरवर ठळक छापलेलं होतं, तरी रेकॉर्ड खपली नाही. २००२ मध्ये एका डच संग्राहकाच्या हाती ती लागली, २०१० मध्ये नव्याने निघाली, आणि सत्तरीच्या आसपास त्यांना युरोपातून बोलावणी आली. २०१५ मध्ये ते गेले. बरियलच्या निनावीपणाचं कौतुक करताना मला म्हणूनच जरा अडखळायला होतं. तो लपला होता. यांना कुणी शोधलंच नव्हतं.

आता हॉस्टेलच्या खोलीत लॅपटॉपवर ट्रॅक बनवणारे आपल्यातही आहेत. कुणाला घरी कळू द्यायचं नसतं, तर कुणाला रील्ससाठी तोंड दाखवायचा मनापासून कंटाळा असतो. त्यांनी बिनधास्त टोपणनाव घ्यावं. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम २३ मध्ये निनावी आणि टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या संगीतरचनेलाही ६० वर्षांचं संरक्षण आहे. त्या मुदतीत खरं नाव उघड केलं, तर हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत चालतो. म्हणजे पडदा कधी उचलायचा ते तुम्ही ठरवायचं. फक्त 'हे माझंच' म्हणायची वेळ आली तर दाखवायला काहीतरी हवं. प्रोजेक्ट फाइल्स डिलीट करू नका, आणि एक कॉपी लॅपटॉपबाहेर ठेवा.