वारा पडल्यावरची लढाई

वर्धेकराला दर्याचं अप्रूप असतं, ओळख नसते. आमच्याकडे पाणी म्हणजे पवनारची धाम, बोरचं धरण, नाहीतर उन्हाळ्यात खडक उघडे पडलेली वर्धा नदी. म्हणूनच असेल, संपादकांनी मराठा आरमारावर लिहायला सांगितलं तेव्हा किल्ले आणि सेनानी बाजूला ठेवून मी जहाजाच्याच मागे लागलो. ते जहाज म्हणजे गुराब.

पाठ्यपुस्तकातला इतिहास थोडक्यात असा. 1650 च्या दशकाच्या अखेरीस शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत जहाजं बांधायला घेतली, 1664 मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, 1665 मध्ये समुद्रमार्गे बसरूरवर स्वारी केली. पुढे कान्होजी आंग्र्यांनी 1729 पर्यंत इंग्रज आणि पोर्तुगीजांना कोकण किनाऱ्यावर निर्धास्त फिरू दिलं नाही.

हे कशाच्या बळावर, याचं उत्तर गुराबेच्या बांधणीत आहे. दोन किंवा तीन डोलकाठ्या, दीडशे ते तीनशे टन भार वाहण्याची क्षमता आणि उथळ बूड. मोठी विलायती जहाजं जिथे रुततील त्या खाडीत ही सहज शिरे. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, लांब, निमुळती आणि खाली झुकलेली. नाळेच्या मागे लाकडी भिंत, तिच्यात भोकं, आणि त्यांतून थेट समोर रोखलेल्या दोन मोठ्या तोफा. विलायती जहाजाचा मुख्य तोफखाना दोन्ही कुशींना असे. पिछाडीला तोफा मोजक्याच. गुराब नेमकी तिकडूनच येई.

तिच्या जोडीला गलबतं. चाळीस-पन्नास वल्ह्यांची, हलक्या तोफांची. वारा पडला की शिडांचं मोठं जहाज जागच्या जागी डुलत राही. गलबतं मात्र दोर टाकून गुराब ओढत शत्रूच्या पिछाडीला आणत. तोफांचा पहिला रोख डोलकाठ्या आणि शिडांवर. शत्रू लंगडा झाला की तलवारी घेतलेली माणसं चारी बाजूंनी वर चढत. आजच्या भाषेत ज्यांना नौसैनिकी कमांडो म्हणू, तेच काम हे लोक करत. आरमारावर कोळी, भंडारी, गाबीत आणि दालदी मंडळींचा भरणा होता. वारा, भरती आणि खडक त्यांना नकाशाशिवाय ठाऊक.

1679 मध्ये महाराजांचे आरमारी सरदार मायनाक भंडारींनी खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली, तेव्हा इंग्रजांची जहाजं वेढा घालून होती. तरी वल्ह्यांच्या होड्या रात्री सामान पोचवत राहिल्या आणि इंग्रजांना शेवटी वेढा उठवावा लागला. 1735 मध्ये कान्होजींचे पुत्र संभाजी आंग्र्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचं डर्बी जहाज धरलं, तेही वारा पडलेला असताना.

ही नुसती दर्यावर्दींची हुशारी नव्हती, त्यामागे धोरण होतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराला राज्याचं स्वतंत्र अंग मानलं आहे. पाच गुराबा आणि पंधरा गलबतांचा एक सुभा करावा. जहाजं मध्यम आकाराची बांधावीत, वाऱ्याशिवाय हलत नाहीत अशी अवाढव्य नकोत. आरमाराचा खर्च मुलखाच्या वसुलातून नेमून द्यावा. दर्यावरच्या कमाईवर सोडला तर सावकारांना त्रास होऊन बंदरं बुडतील. लाकडासाठी रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, हेही त्यातच आहे.

गुराबेच्या मर्यादाही खऱ्या होत्या. ती किनाऱ्याची राणी. खुल्या समुद्रात दोन्ही कुशींना तोफा असलेल्या मोठ्या युद्धनौकांपुढे उभं राहणं तिचं काम नव्हतं. पावसाळ्यात सगळं आरमार छावणीला. पण तिला बुडवलं ते या उणिवांनी नव्हे. कान्होजींनंतर मुलांत भांडणं लागली. मानाजी कुलाब्याला, संभाजी दक्षिणेकडे, असं आरमार वाटलं गेलं आणि पेशव्यांनी त्या वाटणीत मध्यस्थी केली. पुढे संभाजींच्या जागी आलेल्या त्यांच्या भावाला, तुळाजी आंग्र्यांना, वठणीवर आणायला पेशव्यांनी इंग्रजांचीच मदत घेतली. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह तुळाजींच्या विजयदुर्गावर चालून आले. एकमेकांजवळ नांगरलेल्या ताफ्यातल्या, कंपनीकडूनच पूर्वी जिंकलेल्या एका जहाजावर तोफगोळा पडला. त्या जहाजाची आग शेजारच्या गुराबांना लागली आणि थोड्या वेळात सारं आरमार जळालं. पेशव्यांनी नंतर धुळप घराण्याच्या हाताखाली आरमार चालवलं, आनंदराव धुळपांनी 1783 मध्ये इंग्रजांचं रेंजर जहाज धरलंही. पण कान्होजींच्या काळचा दरारा परतला नाही.

स्वतंत्र भारताच्या नौदलानं मुंबईतल्या आपल्या तळाला 1951 मध्ये आंग्रे हे नाव दिलं आणि 2022 मध्ये ध्वजावर शिवमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट आणली. हा मान योग्यच आहे. पण त्याबरोबर 1756 चा हिशेबही लक्षात ठेवायला हवा. अमात्यांनी आरमार राज्याचं अंग म्हणून लिहून ठेवलं; वारसांनी ते घराण्याची मालमत्ता केलं आणि पेशव्यांनी भाऊबंदकीतली अडचण. मराठा आरमार इंग्रजांच्या गोळ्यानं जळालं खरं, पण त्या गोळ्याला वाट आपणच करून दिली होती.