पृच्छेच्या उत्तरातील चुकीची स्तंभनामे : कारणे, निदान व उपाय

सारांश : डेटाबेसला विचारलेल्या पृच्छेचे उत्तर सारणीच्या रूपात मिळते. या सारणीतील मूल्ये बरोबर असूनही स्तंभांची नावे चुकली, तर वाचणाऱ्याच्या दृष्टीने सर्व माहितीच चुकीची ठरते. प्रस्तुत लेखात या दोषाची प्रमुख कारणे, निदानाचा क्रम व उपाय यांचा विचार भूमिअभिलेखाच्या उदाहरणाद्वारे केला आहे.

प्रस्तावना : सन १९७० मध्ये एडगर कॉड यांनी संबंधाधिष्ठित डेटाबेसची संकल्पना मांडली. त्याच वर्षी नवी मुंबईच्या उभारणीसाठी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील गावांची जमीन या शहरासाठी संपादित झाली आणि प्रदीर्घ आंदोलनानंतर १९९० मध्ये प्रकल्पग्रस्तांसाठी साडेबारा टक्के भूखंड योजनेचा निर्णय झाला. अशा योजनेत खातेदाराच्या नावापुढील क्षेत्राच्या आकड्याला किती महत्त्व असते, हे वेगळे सांगावयास नको. म्हणून पुढील उदाहरणे या विषयातून घेतली आहेत. त्यांतील आकडे व सारण्या मात्र काल्पनिक आहेत.

१. समान नावांचे स्तंभ : सातबारा उतारा हा गाव नमुना सात व गाव नमुना बारा यांचा संयोग होय. पहिल्यात अधिकार अभिलेख असतो, तर दुसऱ्यात पिकांची नोंद. समजा, दोन्ही सारण्यांत ‘क्षेत्र’ याच नावाचा स्तंभ आहे. पहिल्यातील क्षेत्र धारण जमिनीचे, तर दुसऱ्यातील पिकाखालील. सारण्या जोडून सर्व स्तंभ तारांकन चिन्हाने मागविल्यास उत्तरात ‘क्षेत्र’ हे नाव दोनदा येते. पीएचपीमध्ये ही ओळ नावांनुसार रचलेल्या अ‍ॅरेत घेतल्यास दोहोंपैकी शेवटच्या स्तंभाचेच मूल्य शिल्लक राहते. धारण क्षेत्र ०.८० हेक्टर व पिकाखालील क्षेत्र ०.६० हेक्टर असेल, तर साडेबारा टक्के म्हणजे १,००० चौरस मीटरऐवजी ७५० चौरस मीटर असे उत्तर निघेल. अन्य वजावटी बाजूस ठेवल्या, तरी २५० चौरस मीटरची ही तफावत केवळ एका नावामुळे उद्भवते.

२. सुटलेला स्वल्पविराम : एसक्यूएलमध्ये उपनाम देताना ‘अ‍ॅज’ हा शब्द बहुधा ऐच्छिक असतो. त्यामुळे ‘सिलेक्ट गट_क्रमांक, धारण_क्षेत्र पीक_क्षेत्र’ असे लिहिले गेल्यास संगणक त्रुटी दाखवीत नाही. तो धारण क्षेत्राची मूल्ये ‘पीक_क्षेत्र’ या उपनामाखाली देतो. तीन स्तंभ मागितले असता दोनच आले, ही या दोषाची खूण होय.

३. युनियनमधील क्रम : युनियनने दोन पृच्छा जोडल्यास स्तंभ नावांनुसार नव्हे, तर स्थानानुसार जुळतात आणि नावे सामान्यतः पहिल्या पृच्छेतील घेतली जातात. दुसऱ्या पृच्छेत धारण व पीक क्षेत्रांचा क्रम उलटा असेल, तर दोन्ही अंकीय असल्याने पृच्छा निर्वेध चालते. उत्तराचा अर्धा भाग मात्र चुकीच्या नावाखाली जातो.

४. देवनागरी नावांच्या विशेष अडचणी : पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये नावाची नेहमीची मर्यादा ६३ बाइट आहे. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रा व हलन्त धरून, तीन बाइट व्यापते. परिणामी ‘प्रकल्पग्रस्त_खातेदाराचे_नाव’ व ‘प्रकल्पग्रस्त_खातेदाराचे_गाव’ ही दोन्ही उपनामे ‘प्रकल्पग्रस्त_खातेदार’ येथेच तुटतात व नाव कोणते, गाव कोणते, हे कळेनासे होते. दुसरी अडचण ‘शेतकऱ्याचे’ यासारख्या शब्दांतील ऱ्हस्व रेषेसारख्या अर्ध्या ‘र’ची. तो युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे टंकित करता येतो. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखी दिसतात. संगणकास ती भिन्न असतात. त्यामुळे समोर दिसणारा स्तंभ ‘अस्तित्वात नाही’ असा संदेश येतो.

निदानाचा क्रम : प्रथम तीच पृच्छा मूळ डेटाबेसवर थेट चालवावी. तेथेही नाव चुकीचे असल्यास दोष पृच्छेत किंवा दृश्य सारणीत आहे. तेथे बरोबर असल्यास तो उत्तर वाचणाऱ्या आज्ञावलीत शोधावा. त्यानंतर मागितलेल्या व मिळालेल्या स्तंभांची संख्या ताडून पाहावी. शेवटी, प्रत्येक स्तंभात वेगळे, सहज ओळखू येणारे मूल्य असलेली एक चाचणी नोंद घ्यावी. धारण क्षेत्रास ११ व पीक क्षेत्रास २२ दिले, तर अदलाबदल तत्काळ लक्षात येते. युनियन असल्यास प्रत्येक भागाची अशी चाचणी स्वतंत्रपणे करावी.

उपाय : तारांकनाऐवजी स्तंभांची नावे लिहावीत. प्रत्येक स्तंभामागे सारणीचे नाव आणि पुढे ‘अ‍ॅज’सह अर्थपूर्ण उपनाम द्यावे, सूत्राने काढलेल्या मूल्यास तर अवश्य द्यावे, कारण त्यास प्रत्येक डेटाबेस प्रणाली आपापल्या रीतीने नाव देते. देवनागरी नावे आखूड ठेवावीत व एकाच कळफलकाने टंकित करावीत. लांब मराठी शीर्षके अहवाल छापतेवेळी द्यावीत.

समारोप : उपरोक्त दोषांपैकी बहुतेकांत संगणक कोणताही इशारा देत नाही. चुकीचे मूल्य पाहून शंका येते. परंतु खऱ्या मूल्यावर चुकीचे नाव असल्यास शंकेलाच जागा उरत नाही. खातेदार उताऱ्यावरील आकडा वाचतो, त्यामागील पृच्छा नव्हे. म्हणूनच स्तंभास अचूक नाव देणे ही पृच्छा लिहिणाऱ्याची त्या खातेदाराप्रती असलेली जबाबदारी ठरते.