परात मावली पाहिजे

सिंक घ्यायला परात घेऊन निघालेली मी बहुधा पहिलीच बाई असेन. रिक्षावाल्यानं आधी परातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "काकू, लग्नघर का?" लग्नघर कुठलं! ओटा फोडला होता.

डोंबिवलीतली आमची इमारत १९८७ची. कडप्प्याचा ओटा आणि त्यात पत्र्यासारखं पातळ स्टीलचं सिंक. वाटी पडली तरी शेजारच्या ब्लॉकमध्ये कळायचं. सिंक आतून १६ बाय १४ इंच आणि माझी कणकेची परात १५ची. इतकी वर्षं ती तिरकी धरून, एका हातानं तोलत घासली. अर्धं पाणी ओट्यावर, उरलेलं पोटावर. तीस वर्षं शाळेत क्षेत्रफळ शिकवलेल्या बाईच्या घरात हे चाललं होतं.

दुकानात पहिला धडा मिळाला तो मापाचाच. दोन सिंक शेजारी शेजारी, दोन्हींवर २४ बाय १८ लिहिलेलं. एकात परात अलगद तळाशी बसली, दुसऱ्यात अडकली. लिहिलेलं माप बाहेरचं असतं, कडेपासून कडेपर्यंतचं. पहिल्याचा आतला खण २२ बाय १६ होता. दुसऱ्याला मागच्या बाजूला नळ बसवायची पट्टी होती, तिनं दोन इंच खाल्ले होते. भांडी आतल्या खणात घासायची असतात, तेव्हा टेप आतून लावावी. आपला ओटा साधारण दोन फूट खोल असतो. पुढे तीन इंच दगड आणि मागे नळाला तेवढीच जागा सोडली की सिंकला अठराच उरतात. वीस इंची सिंक कितीही देखणं असलं तरी नळ भिंतीतून काढावा लागतो.

दोन खणांचं सिंक दुकानदारानं फार आग्रहानं दाखवलं. एका खणात घासा, दुसऱ्यात विसळा. ऐकायला छान. पण ३७ इंच ओटा देऊन दोन अशा कुंड्या मिळतात, ज्यांतल्या एकीतही परात मावत नाही. आमचा ओटा सगळा मिळून आठ फूट. विषय संपला.

मग धातू. दुकानदारानं खिशातून लोहचुंबक काढलं, सिंकला लावलं, ते चिकटलं नाही. "बघा काकू, ओरिजिनल ३०४." इथे बरेच जण फसतात. ३०४ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेलं स्टील. निकेल महाग, म्हणून स्वस्त २०२ जातीत ते निम्म्यावर आणतात आणि मँगनीज वाढवतात. चुंबक २०२लाही चिकटत नाही. चुंबकानं फार तर ४३० सारखं, निकेल जवळपास नसलेलं स्टील ओळखू येतं. ३०४ आणि २०२ वेगळं करायला एक रसायन मिळतं. त्याचा थेंब टाकून वर नऊ व्होल्टची बॅटरी लावायची, मँगनीज भरपूर असेल तर थेंब लालसर होतो. मी ती बाटली मागितल्यावर चुंबक पुन्हा खिशात गेलं. त्याच दुकानाच्या दुसऱ्या फळीवर बिलावर ३०४ लिहून मिळणारी सिंकही होती, शिवाय आयएस १३९८३ या भारतीय मानकाचा शिक्का असलेलीही. भाव अर्थात वेगळा.

३०४चा एवढा हट्ट कशाला? स्टील गंजत नाही ते त्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरामुळे. मीठ, ब्लीच आणि संडास धुवायचं अ‍ॅसिड त्या थराला भोकं पाडतात. ३०४ हे जास्त सोसतं, २०२ लवकर हात टेकतं. तरी अ‍ॅसिड ३०४वरही ओतू नये. आणि लोखंडी तवा रात्रभर ओला ठेवलात तर सकाळी दिसणारा तांबूस डाग तव्याचा असतो, सिंकला दोष देऊ नका.

जाडीचा हिशोब उलटा चालतो. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड: २० म्हणजे जेमतेम ०.९ मिलिमीटर, १८ म्हणजे १.२, १६ म्हणजे दीडच्या वर. साच्यात दाबून काढलेल्या सिंकचा पत्रा ओढला जाऊन बाजूंना आणखी पातळ होतो. दुमडून, जोड देऊन केलेल्याची जाडी सगळीकडे सारखी राहते. पण त्याचे काटकोनी कोपरे पाहून भुलू नका, भाताची शितं तिथेच मुक्काम करतात. किंचित गोलाई असलेले कोपरे घ्या. आवाजाचं गुपित सिंकच्या पोटाखाली असतं. उलटं करून बघायचं, रबरी पट्ट्या आणि लेप आहे का. मी बोटांनी वाजवून पाहिलं, दबका 'धप्' आला. वाटीची बातमी आता शेजारी जाणार नाही.

क्वार्ट्झचं सिंक आमच्या ह्यांना आवडलं होतं. काळंभोर, मखमली. त्यात साधारण ८० टक्के क्वार्ट्झची भुकटी असते आणि ती राळेसारख्या रेझिननं बांधलेली असते. आवाज नाही, चरे सहसा पडत नाहीत. पण नगरकडे माझ्या नणंदेकडे बोअरचं पाणी आहे. तिच्या काळ्या सिंकवर क्षारांची पांढरी रांगोळी रोज उमटते आणि ती रोज पुसते. शिवाय वरवंटा हातातून सुटला तर स्टीलला पोचा येतो, क्वार्ट्झचा टवका उडतो. आणि आमच्याकडे वरवंटा अजून चालतो. चिनी मातीच्या सिंकमध्ये तर भांडीच फुटायची, ते मी पाहिलंसुद्धा नाही.

खोलीवरून मात्र घरात वाद झाला. दुकानदार म्हणे, हल्ली सगळे १० इंचच नेतात, पाणी उडत नाही. खरं आहे. पण आमच्याकडे भांडी घासतात त्या मावशी चार फूट दहा इंच. ओटा ३२ इंच, त्यातून १० वजा केले की तळ २२ इंचांवर. पाऊण तास त्या कमरेत वाकून उभ्या राहणार. त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "ताई, गावाकडं मोरीत पाटावर बसून घासायचो, पाठ सरळ राहायची. हे उभ्यानं वाकणं लई वाईट." ओटा ३३ केला आणि सिंक ८ इंची घ्यायचं ठरवलं. हे म्हणाले, मावशींसाठी सिंक का आपल्यासाठी? सिंकपाशी कोण उभं असतं, एवढंच मी विचारलं.

प्लंबरनं तर माझी बाजू आणखी भक्कम केली. आमच्या सांडपाण्याच्या पाइपचं तोंड भिंतीत आहे, जुन्या उथळ सिंकच्या बेतानं ठेवलेलं. १० इंची सिंक, खाली जाळीचं कपलिंग, त्याखाली वास अडवणारा पाण्याचा ट्रॅप, असं मांडलं की ट्रॅप पाइपच्या तोंडाखाली जातो. पाणी वर चढत नाही. भिंत फोडावी लागली असती. सिंक पसंत करण्याआधी कपाटात डोकं घालून हे तोंड किती उंचीवर आहे ते मोजा.

सिंक ग्रॅनाइटच्या खालून बसवलं, म्हणजे ओट्यावरचं खरकटं सरळ आत लोटता येतं. भांडी भरल्यावर वजन वाढतं, म्हणून नुसत्या सिलिकॉनवर न ठेवता खाली लोखंडी अँगल दिले.

पहिल्या दिवशी मावशींनी परात आत सपाट ठेवली, माझ्याकडे पाहून हसल्या. मग विसळायला उभी केली आणि ती नळाला ठण्णकन आपटली. नळ जुनाच ठेवला होता, काटकसर म्हणून. त्याची उंची मात्र कुणी मोजली नव्हती. आता शनिवारी परत रिक्षा.